लेकाला कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस करायचंय, कोणाच्या घरात कोणी केलंय का?

मेधा_ईस्टबे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकल्यास सांभाळून घ्या.

आमचा धाकटा यंदा हायस्कूल संपवतोय (कॅलिफोर्निया). थोरलीने इंजिनिअरिंग केलं म्हणून हाही तेच करणार असं आम्ही धरूनच चाललो होतो, तर आता म्हणतो मला पोलिसात जायचंय, नाहीतर इन्व्हेस्टिगेशनमध्ये, नाहीतर कोर्टात काहीतरी. नक्की काय ते त्यालाही माहीत नाही, पण सुरुवात जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून करायची हे मात्र पक्कं. तिथे या विषयाला ऍडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस (एजे) म्हणतात. गेल्या वर्षी ड्युअल एनरोलमेंटमध्ये (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्लास) त्याने त्यातला इंट्रोचा क्लास केला होता, हायस्कूलच्या पोरांना फी नसते म्हणून आम्हीच हो म्हटलं होतं, आणि तिथेच माशी शिंकली :)

नवरा गप्प आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एवढं अमेरिकेत जाऊन हवालदारच व्हायचं होतं तर सोलापूर काय वाईट होतं?" मला हसू पण आलं आणि टेन्शन पण. या डिग्रीला पुढे काही किंमत आहे का, दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं का, आणि पुढे मन बदललं तर पोरगा अडकून पडेल का? तो इथेच जन्मलेला आहे, सिटिझन आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही.

सातारकर_अण्णा

वाचतोय. आमच्याकडे फौजदार व्हायचं तर आधी डिग्री, मग एमपीएससी, मग ग्राउंड, मग नाशिकला अकॅडमी, पोरांची निम्मी उमेद परीक्षेची तारीख कधी लागते ते बघण्यातच जाते. तिकडे दोन वर्षांच्या कोर्सवर डायरेक्ट भरती होते काय?

खाडीपलीकडचा

अण्णा, नाही होत, आणि इथे सगळ्यांचाच घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेजची डिग्री वेगळी आणि पोलीस अकॅडमी वेगळी. एजेची डिग्री म्हणजे ६० युनिटचा (क्रेडिटचा) अभ्यास, त्यात निम्मं तर इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायन्स वगैरे जनरल एज्युकेशनच असतं. ती घेतली म्हणजे कोणी कमरेला पिस्तूल देत नाही. पोलीस व्हायला राज्याच्या 'पोस्ट' नावाच्या कमिशनने ठरवलेला बेसिक कोर्स करावा लागतो (हे कमिशन १९५९ पासून आहे), तो कमीत कमी ६६४ तासांचा, आणि बहुतेक अकॅडम्या त्याहून बरंच जास्त घेतात, साधारण सहा महिने धरून चला. गंमत अशी की यातल्या काही अकॅडम्या कम्युनिटी कॉलेजंच चालवतात, दक्षिणेकडे रिओ हाँडो आणि गोल्डन वेस्ट ही त्यातली दोन. त्यामुळे एकाच आवारात एका वर्गात पोरं चौथी घटनादुरुस्ती (झडती-अटकेवरची) शिकत असतात आणि पलीकडे दुसरी पोरं युनिफॉर्ममध्ये पळत असतात. मग लोकांना वाटतं सगळं एकच.

दुसरं म्हणजे इथे एक भरती नाही. आपल्याकडे राज्याचं एक पोलीस दल, इथे देशभरात १८ हजारांच्या आसपास वेगवेगळी खाती. प्रत्येक शहराचं आपापलं, काउंटीच्या शेरीफचं वेगळं, हायवे पॅट्रोल वेगळं, काही युनिव्हर्सिट्यांचं स्वतःचं, ट्रेनवाल्यांचं पण स्वतःचं. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज. बऱ्याच ठिकाणी किमान अट अजूनही हायस्कूलचीच आहे, पण डिग्रीवाल्याला पगारात थोडा जास्तीचा हिस्सा आणि पुढे सार्जंट-लेफ्टनंट व्हायला मदत होते.

मेधाताई, तुमच्या पोराच्या बाबतीत मुख्य मुद्दा वयाचा आहे. २०२२ पासून कॅलिफोर्नियात नव्या पोलिसाचं वय नेमणुकीच्या वेळी किमान २१ लागतं, आधी १८ चालायचं. पोरगा १८ चा. मधली तीन वर्षं करणार काय? त्यासाठी कम्युनिटी कॉलेज झकास आहे.

अर्धवट_पंडित

+१. फी ४६ डॉलर युनिटला, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या फुलटाइम पोरांना बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं ट्यूशन माफ पण होते. एवढ्या पैशात चार वर्षांच्या कॉलेजचं होस्टेलचं एक सेमिस्टर पण निघत नाही. मन बदललं तरी फार काही गेलं नाही.

एडिसनकर

मी उलट बाजू मांडतो, रागावू नका. पोलीस व्हायचं असेल तर क्रिमिनल जस्टिस सोडून दुसरं काहीही शिका. अकाउंटिंग घ्या, कॉम्प्युटर घ्या, स्पॅनिश घ्या. कायदा आणि कलमं अकॅडमीत परत शिकवणारच आहेत. उद्या गुडघा दुखावला किंवा मेडिकलमध्ये नापास झाला तर हातात काय, सिक्युरिटी गार्डची नोकरी? एफबीआयला तर अकाउंटंट आणि कॉम्प्युटरवाले लोक आवडतात, आणि तिथे दोन वर्षांची डिग्री चालतच नाही, बॅचलर्स लागते, वय किमान २३, वरून सिटिझनशिप.

आमच्या बाजूला बघा, न्यूयॉर्क पोलिसांत वर्षानुवर्षं ६० कॉलेज क्रेडिटची अट होती, माणसंच मिळेनात म्हणून २०२५ च्या सुरुवातीला ती २४ वर आणली. म्हणजे खात्यालाच डिग्रीचं फार पडलेलं नाही, मग तुम्ही कशाला एवढा विचार करताय.

जुई_टायपते

मी सध्या हाच कोर्स करतेय, सदर्न कॅलिफोर्नियात, दुसरं वर्ष, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजते. (माझं मराठी बोलीतलं आहे, शुद्धलेखनावरून मारू नका.)

एडिसनकर काका, 'अकॅडमीत परत शिकवतात' हे खरं आहे पण अकॅडमीत तुम्हाला काय करायचं ते शिकवतात, इथे ते का आणि कुठपर्यंत करता येतं ते शिकवतात. आणि दुसरं, वर्गातल्या निम्म्या पोरांना पोलीस व्हायचंच नाहीये. एकीला प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय, एक मुलगा पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) करतोय, एक आजी आहेत त्यांच्या नातवाची जुव्हेनाइल (अल्पवयीन मुलांच्या कोर्टातली) केस झाली होती म्हणून त्या नुसतं समजून घ्यायला येतात आणि त्याच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

विषय सांगते. इंट्रो सगळ्यांना. मग क्रिमिनल लॉ, कोर्ट प्रोसेस, एव्हिडन्स, इन्व्हेस्टिगेशन, जुव्हेनाइल, करेक्शन्स म्हणजे जेल वगैरे, आणि कम्युनिटी अँड द जस्टिस सिस्टिम. मला सगळ्यात आवडला तो एव्हिडन्सचा. आमचे सर रिटायर्ड डिटेक्टिव्ह आहेत, पहिल्या आठवड्यात त्यांनी एका पार्किंग लॉटचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले रिपोर्ट लिहा. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, 'एक माणूस संशयास्पदरीत्या फिरत होता'. सरांनी लाल पेनने प्रत्येकाचं 'संशयास्पद' खोडलं. म्हणाले हा तुमचा निष्कर्ष आहे, मला दिसलं काय ते सांगा. हात खिशात होते का बाहेर, किती गाड्यांच्या हँडलला हात लावला, लाइट होता का, तुम्ही किती फुटांवर होतात. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा पानभर झालं आणि 'संशय' शब्द कुठेच नव्हता.

आणि मग त्यांनी टेरीची केस काढली. १९६३ मध्ये क्लीव्हलंडला मॅकफॅडन नावाच्या जुन्या डिटेक्टिव्हने दोन माणसं एका दुकानाच्या काचेपुढून परत परत जाऊन डोकावताना पाहिली, मग तिसरा येऊन मिळाला, याने तिघांना थांबवून कपड्यांवरून चाचपलं, दोघांकडे पिस्तुलं निघाली. केस सुप्रीम कोर्टात गेली, १९६८ मध्ये निकाल आला की ठीक आहे, अटकेपुरता पुरावा नसला तरी थोडा वेळ थांबवून हत्यारासाठी चाचपता येईल, पण पोलिसाला नेमकं काय दिसलं ते शब्दांत सांगता आलं पाहिजे, नुसतं मनाला वाटलं म्हणून नाही. तेव्हा कळलं ते लाल पेन कशासाठी होतं.

मिरांडाच्या ताकिदीचं (आरोपीला त्याचे हक्क सांगायचे ते) पण तसंच. टीव्हीवर बघून सगळ्यांना वाटतं बेडी घातली की लगेच 'तुम्हाला गप्प बसायचा अधिकार आहे' म्हणावंच लागतं. तसं नाहीये. माणूस ताब्यात असेल आणि त्याला प्रश्न विचारायचे असतील तर. रस्त्यात साध्या तिकिटासाठी गाडी थांबवली तर नाही. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि हमखास लोक चुकतात.

सातारकर_अण्णा

जुई बाळा, फार छान लिहिलंस. शुद्धलेखनाचं सोड.

नोटरी_पेठकर

मी पुण्यात क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करतो. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून थोडं अवांतर.

आपल्याकडे आणि तिकडे एक मूलभूत फरक आहे जो इथल्या लोकांना सांगितला की पटत नाही. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालतच नाही. १८७२ च्या एव्हिडन्स ऍक्टचं कलम २५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. फक्त त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढा भाग चालतो. इंग्रजांनाही स्वतःच्या पोलिसांवर भरवसा नव्हता हो! अमेरिकेत उलट आहे, मिरांडाची ताकीद नीट देऊन जबाब घेतला आणि जबरदस्ती नसेल तर तो जबाब थेट ज्युरीपुढे जातो. म्हणून तिकडच्या पोलिसाला इंटरव्ह्यू रूममधला कायदा तोंडपाठ पाहिजे, तिथे चुकला तर आख्खी केस ढिली होते. ज्याच्या केसवरून हे नाव पडलं त्या खुद्द मिरांडाचं सांगायचं तर १९६६ चा निकाल त्याच्या बाजूने लागला तरी फेरखटल्यात तो पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाशिवाय दोषी ठरलाच.

आणि दुसरी गोष्ट जी मला नेहमी अजब वाटते ती म्हणजे तिकडे बहुतेक राज्यांत शेरीफ निवडून येतो आणि सरकारी वकील, डिस्ट्रिक्ट अटर्नी, तोही निवडून येतो. आमच्याकडे सरकारी वकील प्रचाराला निघालाय अशी कल्पना करून बघा. हे सगळं तुमच्या मुलाला कोर्ट प्रोसेसच्या वर्गात शिकवतील, आणि माझ्या मते पुढे तो पोलीस होवो न होवो, १८ व्या वर्षी एवढं कळणं वाया जात नाही.

अर्धवट_पंडित

पेठकरसाहेब, अवांतर असेच टाकत जा.

आता थोडा इतिहास, कारण एडिसनकरांच्या मुद्द्यात दम आहे आणि तो मुद्दा जुना आहे. पोलिसाने कॉलेजात जावं ही कल्पनाच बर्कलीची, म्हणजे मेधाताईंच्या घराशेजारची. ऑगस्ट व्हॉल्मर नावाचा गृहस्थ १९०५ मध्ये तिथला मार्शल झाला आणि १९०९ मध्ये पहिला पोलीस चीफ. स्वतः प्राथमिक शाळेपलीकडे फार शिकलेला नाही, पण पोलिसांना सायकली दिल्या, शाळा काढली, युनिव्हर्सिटीतली पोरं खात्यात घेतली. सॅन होजेला १९३० मध्ये पोलिसांसाठी कॉलेजचा अभ्यासक्रम सुरू झाला त्यामागेही तोच. आणि तो पॉलिग्राफ, लाय डिटेक्टर, त्याच्याच खात्यातल्या जॉन लार्सनने १९२१ मध्ये बनवला. आज कोर्टात त्याला फारसं कोणी विचारत नाही, पण पोलीस भरतीत मात्र अजून बऱ्याच खात्यांत उमेदवाराला त्याच खुर्चीत बसवतात.

पण हे कोर्स गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांत पसरले ते १९६८ नंतर. तेव्हा शहरांमध्ये दंगली चालू होत्या, केंद्र सरकारने कायदा केला आणि पोलिसांना कॉलेजात जायला अनुदान-कर्ज द्यायला सुरुवात केली. पैसा आल्यावर कॉलेजांनी धडाधड कोर्स काढले, दिवसा ड्यूटी करून संध्याकाळी पोलीस वर्गात बसायचे. त्यात सुमार कोर्सही भरपूर निघाले, १९७८ मध्ये एका राष्ट्रीय समितीने झाडलंच की हे शिक्षण नाही, नुसतं ट्रेनिंग आहे आणि जुने पोलीस नव्या पोलिसांना किस्से सांगतायत. तो आजार अजून पूर्ण गेलेला नाही. म्हणून माझा सल्ला, कोर्स घेण्याआधी कोण शिकवतंय ते बघा. सगळेच रिटायर्ड पोलीस असतील तर जरा जपून. एखादा डिफेन्स लॉयर, एखादा प्रोबेशनवाला, एखादा सोशिऑलॉजीचा माणूस असला की तोल राहतो.

रात्रपाळी

बहुतेक इथे प्रत्यक्ष नोकरीतली मी एकटीच दिसतेय. मी एका काउंटीत ९११ डिस्पॅचर आहे, म्हणजे मदतीचे फोन घेऊन गाडी पाठवणारी. मूळची कोल्हापूरची, लग्न करून आले, मुलं शाळेत गेल्यावर कम्युनिटी कॉलेजात एकेक क्लास घेत एजे केलं, वर्गात माझ्या वयाच्या दोघीतिघी तरी होत्याच.

मेधाताई, पोलीस म्हणजे फक्त गाडीतला पोलीस नाही हे आधी घरच्यांना सांगा. डिस्पॅचर आहे, रेकॉर्ड्स आहे, क्राइम ऍनालिस्ट आहे, एव्हिडन्स रूम सांभाळणारे आहेत, कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर आहे जो गाड्यांचे अपघात, चोरीचे रिपोर्ट वगैरे घेतो पण हत्यार नसतं. यातल्या बऱ्याच जागांना २१ ची अट नाही. डिस्पॅचरला पोस्टचा १२० तासांचा कोर्स असतो, आणि खरं शिक्षण त्यानंतर कन्सोलवर, ट्रेनर शेजारी एकाच लाइनवर हेडफोन लावून बसलेली असते. एका कानात किंचाळणारा माणूस, दुसऱ्या कानात रेडिओ, हाताने टायपिंग, आणि पहिला प्रश्न नेहमी एकच, पत्ता काय. काय झालं ते नंतर. लाइन तुटली तरी गाडी कुठे पाठवायची ते कळलं पाहिजे. मराठी-हिंदी येते त्याचा मला उपयोग झालाय, घाबरलेल्या आजीबाईंना इंग्लिश सुचत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. परीक्षा, पळणं, उड्या हे सोपं आहे, लोक गळतात ते बॅकग्राउंडमध्ये. जाडजूड फॉर्म असतो, गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, सगळी कर्जं, तिकिटं, कधी कुठले ड्रग्ज घेतलेत का, कोणाशी भांडण झालंय. मग एक माणूस खरंच शेजाऱ्यांना, जुन्या बॉसला फोन करतो. माझ्या घरमालकिणीला केला होता, तिला वाटलं मी काहीतरी करून बसलेय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खोटं बोलणं. तरुणपणी केलेली एखादी गोष्ट बऱ्याचदा माफ होते, लपवलेली नाही होत.

मेधा_ईस्टबे

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीताई, तुमचं तर मी मोठ्याने वाचून दाखवलं जेवताना. पत्त्याचं ऐकून नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाला हे इंटरेस्टिंग आहे.

लेकाला फोरेन्सिकचं पण आकर्षण आहे, त्याचं काय? आणि ट्रान्सफरचं कोणीतरी सांगा ना.

खाडीपलीकडचा

फोरेन्सिकबद्दल स्पष्ट सांगतो. लॅबमध्ये डीएनए, ड्रग्ज, रक्त तपासणारा जो असतो त्याला केमिस्ट्री किंवा बायॉलॉजीतली बॅचलर्स लागते. एजेमधला इंट्रो टू फोरेन्सिक्स हा ओळखीपुरता वर्ग आहे, तो करून लॅबमध्ये घेत नाहीत. त्याला खरंच लॅब हवी असेल तर आत्ताच केमिस्ट्रीच्या रांगेत उभा करा, एजेचे दोन-तीन क्लास आवड म्हणून घेऊ दे.

ट्रान्सफरचं सोपं आहे पण शब्द नीट बघा. नुसतं एएस (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) नको, एएस-टी घ्यायचं, तो शेवटचा टी म्हणजे ट्रान्सफर. २०१० च्या कायद्याने ही डिग्री आली, ती घेतली की कॅल स्टेटच्या (राज्याच्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिट्या) सिस्टिममध्ये कुठेतरी जागेची हमी आणि पुढे ६० युनिटमध्ये बॅचलर्स. हवं तेच कॅम्पस मिळेल याची हमी नाही हं. सॅन होजे, सॅक्रामेंटो, फ्रेझ्नो सगळीकडे क्रिमिनल जस्टिस, जस्टिस स्टडीज किंवा क्रिमिनॉलॉजी आहे. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायचं असेल तर वेगळा हिशेब, तिथे सोशिऑलॉजी नाहीतर अर्व्हाइनचं क्रिमिनॉलॉजी बघावं लागेल. लॉ स्कूलला कुठलीही बॅचलर्स चालते. काउन्सेलरची अपॉइंटमेंट पहिल्याच महिन्यात घ्या, नाहीतर पोरं नको ते युनिट गोळा करत बसतात.

एडिसनकर

बरं, मी निम्मा माघार घेतो :) पण निम्माच. एएस-टी करून पुढे बॅचलर्स दुसऱ्या विषयात किंवा मायनर म्हणून कॉम्प्युटर, असं काहीतरी करा. आमच्याकडे पण न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतून जॉन जेला (क्रिमिनल जस्टिसचं चार वर्षांचं कॉलेज) जायची सरळ वाट आहे, मित्राची मुलगी तशीच गेली, आता कोर्टात व्हिक्टिम ऍडव्होकेट (पीडितांना मदत करणारी) आहे, पगार बेताचा पण काम आवडतं म्हणते.

सातारकर_अण्णा

माझा भाचा बीएस्सी झालाय, त्याने स्टुडंट व्हिसावर असा कोर्स केला तर तिकडे पोलीस होता येईल का?

खाडीपलीकडचा

अण्णा, त्याला या वाटेला लावू नका. बाहेरच्या विद्यार्थ्याला ते ४६ डॉलर नसतात, कितीतरी पट फी. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून पोलिसाला सिटिझनशिपची अट काढली हे खरं, पण कायद्याने काम करायची परवानगी तर पाहिजेच, आणि स्टुडंट व्हिसावरची परवानगी तात्पुरती, त्यावर कुठलं खातं वर्षभर बॅकग्राउंड-अकॅडमीवर खर्च करणार? एच-४ वर (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या मुलांचंही तेच दुखणं, २१ झाले की स्टेटस जातं, आणि २१ लाच तर पोलीस होता येतं. बीएस्सी आहे तर गांधीनगरची फोरेन्सिक युनिव्हर्सिटी नाहीतर मुंबईची सरकारी फोरेन्सिक इन्स्टिट्यूट बघायला सांगा.

जुई_टायपते

मेधा मावशी, एक राहिलं. त्याला सांगा सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एकदा राइड-अलाँग कर. बऱ्याच शहरांत फॉर्म भरून एका शिफ्टला पोलिसाच्या गाडीत बसता येतं. मी केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ एका भाडेकरू आणि मालकाच्या कुत्र्यावरच्या भांडणात आणि मग दोन तास रिपोर्ट टाइप करण्यात गेली. माझ्या वर्गातल्या एकाने त्यानंतर मेजर बदलला.

मेधा_ईस्टबे

हे भारी आहे, फॉर्म आजच शोधते. काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतली. सध्या ठरलंय ते असं की पहिल्या सेमिस्टरला क्रिमिनल लॉ, इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स आणि केमिस्ट्रीचा बेसिक, म्हणजे दोन्ही दारं उघडी. तो म्हणतोय पोलीस कॅडेट म्हणून पार्टटाइम नोकरी पण मिळते, त्याचं काय करायचं रात्रपाळीताई?

रात्रपाळी

करू दे की, पैसे पण मिळतात आणि खातं आतून दिसतं. कॅडेटलाही बॅकग्राउंड असतंच, छोटं. गाडीचं एखादं तिकीट भरायचं राहिलं असेल तर आधी भरून टाका, आणि डीएमव्हीचं (इथलं आरटीओ) रेकॉर्ड मागवून घरात ठेवा. फॉर्म त्याचा त्यालाच भरू दे, तुम्ही भरू नका. इंटरव्ह्यूला त्याच उत्तरांवरून विचारतात आणि आईने भरलेला फॉर्म लगेच ओळखू येतो.